उपकोसलाची बारा वर्षे

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाभोवती आज विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची दाटी आहे. तिथल्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, सेन्सर, छोट्या मोटारी, तयार बोर्ड असे सगळे सुटे मिळते, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जवळ आला की पुण्यातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी यादी घेऊन इथे येतात. या प्रकल्पांच्या जोडीला अलीकडे आणखी एक गोष्ट आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणले; विद्यार्थी त्याला ओजेटी म्हणतात. कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा कंपनीच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करायचे आणि त्याचे श्रेयांक मिळवायचे. याची चर्चा बहुतेक वेळा नोकरीच्या अंगाने होते: उद्योगांना तयार माणसे हवीत, पदवीधरांना अनुभव नाही, म्हणून ही सोय. ही चर्चा गैर नाही, पण ती मूळ प्रश्नाला हात घालत नाही. काम केल्याने ज्ञान होते का? की ज्ञान आधी वर्गात, शब्दांतून व्हायचे आणि काम म्हणजे त्याचा नंतरचा उपयोग? आपल्या परंपरेत या प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद झाला आहे, आणि विद्यापीठ हे श्रेयांक नेमके कशाचे देते, हे त्याच्या उत्तरावर ठरणार आहे. माझे म्हणणे असे की कामातून ज्ञान होते, पण एकाच वाटेने: काम करताना वस्तू आपल्याला नकार देते आणि त्या नकारातून शिकता येते. तो नकार वाचायला शिकवणारे कोणी जवळ नसेल, तर काम मुके राहते.

या म्हणण्याला सर्वांत मोठा विरोध शंकराचार्यांचा होईल, म्हणून तिथूनच सुरुवात करणे योग्य. कर्माने चार गोष्टी होऊ शकतात, असे शांकरमत सांगते. एखादी वस्तू निर्माण होते, तिच्यात विकार होतो, ती प्राप्त होते किंवा तिच्यावर संस्कार होतो. ज्ञान यांपैकी कशातच बसत नाही. जे आहे ते जसे आहे तसे कळणे म्हणजे ज्ञान, आणि कितीही कर्म केले तरी ते कळणे त्या कर्मातून निपजत नाही. कर्माने फार तर चित्त शुद्ध होते, ज्ञानाची पात्रता येते. म्हणूनच ज्ञान आणि कर्म यांचा समुच्चय आचार्यांनी ठामपणे नाकारला. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात, ज्याचा पहिला खंड १९०२ मध्ये आला, भारतातली वैज्ञानिक वृत्ती का मावळली याची कारणे शोधताना जातिव्यवस्थेबरोबर या वेदान्तालाही दोष दिला. जग मिथ्या मानणाऱ्या तत्त्वज्ञानाने भौतिक वस्तूंबद्दलचे कुतूहल मारले, असा त्यांचा आरोप आहे. जातिव्यवस्थेबद्दलचा त्यांचा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे आणि त्याकडे पुढे येतोच. शांकरमताबद्दल मात्र त्यांनी घाई केली असे वाटते, कारण ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच असा एक विचार आहे, ज्याच्याइतका प्रयोगशाळेच्या उपयोगाचा विचार दुसरीकडे सापडणे कठीण.

तो विचार असा. कर्म पुरुषतंत्र आहे, म्हणजे करणाऱ्याच्या हातात आहे. करावे, न करावे, वेगळ्या रीतीने करावे. ज्ञान वस्तुतंत्र आहे, ते वस्तूच्या हातात आहे. समोर खांब असेल तर तो खांब आहे की माणूस, याबाबत आपल्याला पर्याय नाही. आपली इच्छा, आपली सोय, आपल्यावर कोणाची आज्ञा, कशानेही खांबाचा माणूस होत नाही. आता या कसोटीवर आपल्या महाविद्यालयांतले शिक्षण लावून पाहावे. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये अपेक्षित रीडिंग आधी लिहून, मग आलेख त्या बिंदूंतून काढायचा, ही सवय विज्ञान शाखेतल्या कोणाला अनोळखी नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेले टर्मवर्क, ओरलला एक्स्टर्नल काय विचारतात याची तयारी, प्रश्नपत्रिकेतल्या हमखास प्रश्नांची उत्तरे, या सगळ्यात विद्यार्थ्याची नजर तपासणाऱ्या माणसावर असते. आचार्यांच्या भाषेत ते शिक्षण पूर्णपणे पुरुषतंत्र आहे. त्यात वस्तू कुठेच बोलत नाही. म्हणजे कर्मापेक्षा ज्ञान श्रेष्ठ, म्हणून वर्ग श्रेष्ठ, असा जो सोयीचा निष्कर्ष आपण काढतो, तो शांकरमतातून निघत नाही. वर्गातली गोष्ट ज्ञान आहे हेच आधी सिद्ध व्हायला हवे.

कामाच्या जागी काय होते ते एका साध्या उदाहरणात नीट दिसते. एखाद्या विद्यार्थ्याने छोटी गाडी केली आहे. तिच्यात मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आहे, सेन्सर आहे, दोन मोटारी आहेत. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये सगळे चालते. प्रत्यक्षात मोटार सुरू झाली की बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. विद्यार्थी प्रोग्रॅममध्ये चूक शोधतो, दोन दिवस शोधतो, आणि चूक तिथे नसते. मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली येतो आणि बोर्ड स्वतःला पुन्हा सुरू करतो. पुस्तकातल्या आकृतीत पुरवठ्याची रेघ सरळ काढलेली असते आणि तिच्याशेजारी पाच व्होल्ट असे लिहिलेले असते. खऱ्या बॅटरीला अंतर्गत रोध असतो. हा रोध त्याने दुसऱ्या वर्षी शिकलेला आहे, त्यावरची उदाहरणे सोडवून गुणही मिळवले आहेत. तरी ही गाडी अडेपर्यंत तो त्याला कळलेला नव्हता. ड्राय सोल्डरचेही तसेच. जोड वरून जुळलेला दिसतो, मल्टिमीटर लावला की कधी दाखवतो, कधी नाही, बोर्ड जरा दाबला की चालतो. दुरुस्ती करणारा कारागीर असा जोड नुसत्या नजरेने ओळखतो, कारण त्याचा पृष्ठभाग काळसर आणि दाणेदार असतो. धातू पुरेसा तापलेला नसताना कथिल त्याच्यावर पसरत नाही, हे पृष्ठताणाचे आणि उष्णतावहनाचे शास्त्र आहे. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याच्या इच्छेला, त्याच्या गुणपत्रिकेला, त्याच्या प्राध्यापकांच्या मताला काडीची किंमत नाही. वस्तू नाही म्हणते. जर्नल कधी नाही म्हणत नाही.

न्यायदर्शनाने ही गोष्ट थेट सिद्धान्ताच्या पातळीवर मांडली आहे. एखादे ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरूनच कळते का, यावर मीमांसकांचे उत्तर होकारार्थी आहे, नैयायिकांचे नाही. वात्स्यायनाचे भाष्य सुरूच होते ते या विचाराने, की प्रमाणाने कळलेल्या अर्थावर विसंबून माणूस प्रवृत्त झाला आणि त्याची प्रवृत्ती सफल झाली, यातून प्रमाण अर्थवत ठरते. दूर पाणी दिसले. ते पाणी होते की मृगजळ, हे तिथे जाऊन ओंजळ भरल्यावर ठरते. म्हणजे कृती ही ज्ञानाची नंतरची सोय नसून त्याच्या खरेपणाची परीक्षा आहे, हा विचार युरोपातून आणावा लागलेला नाही. आणि दुःख याचे आहे की तो बुधवार पेठेजवळच शिकवला जात होता. १८२१ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचे मूळ तीच. तिथे न्याय होता, वेदान्त होता. तेहतीस वर्षांनी, १८५४ मध्ये, पुण्यातच ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले, ज्याचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आता विद्यापीठ झाले. त्याचा आरंभीचा हेतू सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम दर्जाचे अधिकारी घडवण्याचा होता. एकीकडे कसोटीविना शास्त्र आणि दुसरीकडे साहेबाच्या हाताखालचे काम, अशी ही दोन घरे एकाच शहरात उभी राहिली. कृतीने प्रमाण तपासावे असे शिकवणारे शास्त्री कधी कारखान्यात गेले नाहीत, आणि कारखान्यातल्या माणसाला प्रमाण म्हणजे काय हे विचारण्याचा अधिकार कोणी दिला नाही.

या फारकतीला जबाबदार असलेली व्यवस्था कोणती, हे बुधवार पेठेत तरी विसरता येत नाही. भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती याच पेठेत. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यविषयक पाठ असावेत अशी मागणी केली, आणि शेतकऱ्याच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो याकडे बोट दाखवले. प्रफुल्लचंद्र रायांचा निष्कर्ष इथे जुळतो: कला आणि हस्तव्यवसाय खालच्या मानलेल्या जातींकडे गेले, कसे आणि का हे विचारणारा वर्ग हाताच्या कामापासून दूर झाला, आणि प्रयोगाची परंपरा दोन्हीकडे सुकली. ओजेटीकडे मी या इतिहासातून पाहतो. पदवीच्या अभ्यासक्रमात कामाला श्रेयांक मिळणे ही आपल्या समाजात लहान घटना नाही.

पण इथेच सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो शांकरमतापेक्षा जड आहे. कामाला पूजा म्हणण्याची आपली परंपरा राबवून घेणाऱ्याच्या फार सोयीची ठरली आहे. सावता माळ्याने मळ्यात, नरहरी सोनाराने सोन्याच्या कामात देव पाहिला असे आपण भक्तीने सांगतो. त्याच परंपरेत चोखामेळाही आहे, आणि मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना कोसळलेल्या भिंतीखाली त्याचा मृत्यू झाला, हेही तीच परंपरा सांगते. त्याच्या भक्तीने ते काम त्याच्यासाठी ऐच्छिक झाले नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तेव्हा विद्यार्थ्याला फुकट राबवून त्याला अनुभवाचे नाव देणे, आणि वर कर्मयोगाचा मुलामा चढवणे, हे होऊ शकते आणि होतेही. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर त्याखाली पदवीधर उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. ओजेटीचा विद्यार्थी मात्र बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. ज्याच्या घरी ओळख आहे त्याला चांगल्या कंपनीत जागा मिळते, बाकीच्यांना मिळेल तिथे डेटा भरायचा किंवा नुसते प्रमाणपत्र आणायचे. हा आक्षेप मी खोडून काढत नाही. तो खरा आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की या आक्षेपाचे उत्तर काम काढून टाकण्यात नाही. काम आणि शिकवणे यांची सांगड कुठे तुटते ते शोधण्यात आहे. ते शोधायला छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायाइतके नेमके साधन माझ्या माहितीत नाही.

सत्यकाम जाबाल विद्या शिकायला हारिद्रुमत गौतमांकडे गेला. गुरूने त्याला चारशे अशक्त, रोडक्या गाई दिल्या आणि त्यांच्यामागे जायला सांगितले. सत्यकाम म्हणाला, यांच्या हजार झाल्याशिवाय परत येणार नाही. रानात कित्येक वर्षे गेली. गाई हजार झाल्यावर बैलाने त्याला ब्रह्माचा एक पाद सांगितला, मग अग्नीने, हंसाने आणि मद्गु नावाच्या पाणपक्ष्याने उरलेले. तो परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचे तेज पाहून गुरूने विचारले, तुला कोणी शिकवले? माणसांनी नाही, असे त्याने सांगितले, आणि लगेच पुढे म्हणाला, पण आपणच मला शिकवावे. गुरूने तेच पुन्हा शिकवले, काही वगळले नाही. कथा इथे थांबली असती तर ती कामाच्या गौरवाची सोपी कथा झाली असती. उपनिषद थांबत नाही. पुढे हाच सत्यकाम आचार्य होतो. उपकोसल कामलायन त्याच्याकडे बारा वर्षे अग्नींची सेवा करतो. बाकीच्या शिष्यांना घरी जायची परवानगी मिळते, याला नाही. आचार्याची पत्नी सांगते, या मुलाने अग्नी चांगले सांभाळले, आता याला शिकवा. सत्यकाम न शिकवताच प्रवासाला निघून जातो. उपकोसल दुःखाने अन्न सोडतो. शेवटी ते अग्नीच बोलतात, त्याला विद्या देतात, आणि तरीही म्हणतात: पुढची गती तुला आचार्य सांगतील.

या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवण्यात उपनिषदाचा केवढा मोठा विवेक आहे. जो स्वतः गाईंमागे फिरून शिकला, तोच आचार्य झाल्यावर शिष्याला बारा वर्षे नुसते राबवतो. काम तेच, निष्ठा तीच. फरक इतकाच की गौतमांकडे परत आलेल्या शिष्याकडे पाहणारा, त्याला काय घडले ते विचारणारा गुरू होता. उपकोसलाला त्या बारा वर्षांत कोणी विचारले नाही. कामाचे शिक्षण होते ते या विचारण्याने. वारकरी परंपरेतली गोरा कुंभाराची गोष्टही याच दिशेची आहे. संत जमलेले असताना गोरोबांनी मडकी तपासायचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले आणि नामदेव कच्चे निघाले. कारागिराच्या हातातले साधन इथे ज्ञानाची कसोटी झाले आहे. पण कच्चे ठरल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. थापटण्याने दोष दाखवला, पक्केपण गुरूकडे मिळाले.

याच मुद्द्यावर दुसऱ्या एका आक्षेपाचेही उत्तर मिळते. विज्ञानाचे अनेक प्राध्यापक म्हणतात, आणि तळमळीने म्हणतात, की अभ्यासक्रम आधीच दाटीचा आहे. अर्धवाहकातली ऊर्जापट्ट्यांची उपपत्ती सोल्डरिंग करून कळत नाही, मॅक्सवेलची समीकरणे तपकीर गल्लीत मिळत नाहीत. हे अगदी खरे आहे. वस्तू नकार देते तेव्हा ती आपले कारण सांगत नाही. कारण सांगायला उपपत्तीच लागते. वर उल्लेख केलेल्या गाडीच्या विद्यार्थ्याला अंतर्गत रोध ही कल्पना माहीत नसती, तर त्याने दोनाच्या जागी चार बॅटऱ्या लावून पाहिल्या असत्या आणि गाडी चालली असती तरी काही कळले नसते. म्हणून वर्गाचे तास कमी करून केलेले काम मला नको आहे. मला हवे आहे ते परत येणे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी कारखान्यात पाठवले ते आळीपाळीने, एक आठवडा कारखाना आणि एक आठवडा वर्ग. पुणे विद्यापीठाच्या ‘प्रॉडक्शन सँडविच’ पदवीतही कारखान्यातले सत्र दोन बाजूंच्या वर्गांमध्ये ठेवलेले होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीमने तर विषयच हस्तव्यवसायातून शिकवायचे ठरवले. तिच्यावर टीका झाली ती मुख्यतः शाळेने मुलांनी केलेल्या वस्तू विकून स्वतःचा खर्च भागवावा या अपेक्षेवर. मूल सुतात गणित शिकते की शाळेसाठी सूत काढते, हा प्रश्न रास्तच होता. ओजेटीबद्दल तोच प्रश्न आहे.

राहिला फळाचा प्रश्न. श्रेयांकासाठी केलेले काम सकाम, मग त्याला ज्ञानसाधना कसे म्हणावे, असे कोणी विचारील. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या गीतारहस्यात लोकमान्यांनी ज्ञानी माणसानेही लोकसंग्रहासाठी कर्म केलेच पाहिजे हे सिद्ध केले. पण तिथला कर्ता ज्ञान झालेला आहे. शिकणाऱ्याच्या कर्माबद्दल विनोबांचा विचार अधिक जवळचा वाटतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची, म्हणजे चित्ताच्या सहभागाची जोड मागितली. विसाव्या वर्षी कोणी निष्काम नसतो आणि तशी अपेक्षाही करू नये. पण श्रेयांक कशाला द्यायचा, हे ठरवून चित्त कुठे जाईल हे विद्यापीठ ठरवू शकते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक. त्या हिशेबाने चार श्रेयांकांच्या ओजेटीचे १२० तास होतात. हजेरीचे १२० तास आणि कंपनीच्या शिक्क्याचे पत्र एवढ्यावर गुण दिले, तर विद्यार्थ्याचे चित्त हजेरीत आणि शिक्क्यात जाईल, आणि पुरुषतंत्र जर्नलच्या जागी पुरुषतंत्र प्रमाणपत्र येईल. तयार प्रकल्प विकत घेऊन सादर करणारा विद्यार्थी आपणच असा घडवला आहे. कारण त्याला आपण नेहमी विचारले ते ‘चालते का?’ एवढेच.

म्हणून विद्यापीठांकडे मागणी एवढीच की ओजेटीच्या काळात प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या कामाच्या जागी जाणे हे त्याच्या अध्यापनाच्या तासांत मोजावे, विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळावे, आणि काम संपल्यावर वर्गात त्या कामावर शिकवायला वेळ राखून ठेवावा. हे होईपर्यंत थांबायचे कारण नाही. ज्या प्राध्यापकांकडे या सत्रात ओजेटीचे विद्यार्थी आहेत, त्यांनी ओरलच्या दिवशी फाइल मिटून बाजूला ठेवावी आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: तिथे तुझे काय चालले नाही, आणि ते का चालले नाही? उत्तर येत नसेल तर गुण देण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून ते त्याच्याबरोबर शोधावे.